उलटं तिकीट

किनवट,
२४ जून २०२४

करिश्मे,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. गॅस बारीक कर आन् आधी खाली बस.

वसतिगृहात नव्या पोरींचे प्रवेश चालू हायेत. काल अर्ज तपासून राहिले होते. आठवीच्या गठ्ठ्यात एक अर्ज निघाला. दीपमाला, मुक्काम माहूर. आई न्हाई, बाप हैदराबादेत बांधकामावर, वर्षातून एकदा तोंड दाखवतो. पालक म्हणून आजीची सही. ती सही बघितली आन् अर्ज उजेडात धरून परत बघितली. आपल्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात लाल शाईत 'तपासले' असायचं आन् खाली हीच सही. सुमनबाई, आपल्या काळची अधीक्षिका.

मान वर केली तर दारात उभी! ज्या खुर्चीत बसून तिनं आपली पत्रं फोडली, त्याच खुर्चीत मी अधीक्षिका म्हणून बसलेली, आन् ती उंबऱ्याच्या बाहेर चपला काढून. लई वाळलीय. माहुरात देवीच्या पायऱ्यांच्या खाली विड्याचा तांबूल कुटून विकते म्हणे. मला ओळखलं न्हाई. हात जोडून म्हणाली, "मॅडम, पोर गरीब हाय, सांभाळून घ्या." मला मॅडम म्हणाली, करिश्मे!

तुला सगळं मालूम हाय, तरी लिहिते, लिहिलं की छाती जरा हलकी होते. मी नववीला होते. माझा बाप अंथरुणाला खिळला तसं मायनं शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलं, पोरीला धाडा, बाप तिच्या नावानं हाका मारतोय. या बाईनं ते फोडलं, वाचलं आन् कपाटात ठेवलं. सहामाही चालू होती म्हणून. अकरा दिवस! शेवटचा पेपर दिला तेव्हा माझ्या हातात ठेवलं. घरी पोचले तर माय मंजुळाबाई कपाळ पुसून भिंतीला टेकलेली. अर्जुनरावाची पोरगी बापाच्या मातीला आली न्हाई, असं गाव अजून बोलतं.

पोरीला प्रवेश दिला. का दिला, ते तुला सांगायला नको.

तुझी,
राजी


लातूर,
२ जुलै २०२४

राजी,

अगं माय! पत्र वाचलं आन् तव्यावरची चपाती काळी झाली. मेसच्या पोरी म्हणल्या, मावशी, कुणाचं पत्र? म्हणलं, देवाचं. त्याला उशिरा का होईना आमची आठवण आली.

फोन खिशात असून आपण दोघी पत्रं का लिहितो, हे माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं न्हाई. त्याला काय ठावं, आपलं पाकीट आपण चिकटवायचं आन् ते कुणी फोडायचं न्हाई, यात काय सुख असतं ते.

आता ऐक. मारायचं न्हाई. मारलं की वळ दिसतात. म्हातारीनं आपल्याला कुठं मारलं होतं? आंघोळीचं पाणी शेवटी, वाढायला शेवटी, आन् शनिवारच्या पत्रावर लाल पेन. तेवढं बास हाय. पोरगी घरी जाईल, म्हातारीच्या कुशीत रडंल आन् म्हातारीला आपोआप आठवंल. तिला रडताना बघायचं हाय मला. मी त्यासाठी माहूरला दर्शनाला येईन!

आन् तुला आठवतं का आपलं उलटं तिकीट? पत्रात लिहायचं, मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, बाई मायेनं वागवतात. आन् पाकिटावर तिकीट उलटं लावायचं. तिकीट उलटं म्हंजे आतलं सगळं उलटं. सुट्टीत घरच्यांना शिकवून ठेवलेलं. मला ताप भरला तेव्हा माझा रेल्वेतला मामा उलटं तिकीट बघूनच धावत आला होता, न्हाईतर मी काही वाचत नव्हते. एवढी हुशार म्हातारी, पण तिला शेवटपर्यंत पत्ता लागला न्हाई. ते आठवलं की अजून हसू येतं.

सगळं सविस्तर कळव. काही गाळू नकोस.

तुझी,
करिश्मा


किनवट,
१९ ऑगस्ट २०२४

करिश्मे,

सविस्तर म्हणालीस, तर घे.

मी तिला नावानं हाक मारत न्हाई. 'ए माहूर' म्हणते. आता साठच्या साठ पोरी तिला माहूर म्हणतात. पाणी शेवटी. वाढप शेवटी, तोवर वरणात पाणीच उरतं. पहिल्या शनिवारी तिनं आजीला लिहिलं, 'इथं मला झोप येत न्हाई, तुझ्या खलबत्त्याचा आवाज येत न्हाई म्हणून.' ते पत्र मी प्रार्थनेत तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. पोरी हसल्या. मी हसा म्हणाले नव्हते. मग लाल पेनानं काट मारली आन् तिला दुसरं लिहायला लावलं.

तू विचारशील, कुणी विचारत न्हाई का? कोण विचारणार? अध्यक्ष रामलिंगआप्पा वर्षातून एकदा सव्वीस जानेवारीला झेंड्याला येतात. पुरणपोळी खातात, रजिस्टरवर सही करतात आन् म्हणतात, शिस्त ठेवा. मोबाईल बंद, शनिवारी पत्र, अधीक्षिकेनं वाचून टाकायचं, हे नियम सुमनबाईच्या काळचेच हायेत. मी नवं काही केलेलं न्हाई. तिचंच तिला परत करून राहिले.

एक मात्र खरं सांगते, तुला न्हाई सांगणार तर कुणाला. मी व्हरांड्यात आले की सगळा कलकलाट एकदम बंद होतो. आधी तो फक्त दीपमालाच्या खोलीपुरता बंद व्हावा वाटायचं. आता कुठल्याही खोलीत कुणी बोललं तर माझं डोकं तडकतं. काल एका लहान पोरीला उगीच दोन तास उभं केलं. तिचा काही संबंध नव्हता. संध्याकाळी जेवण मात्र गोड लागलं.

तुझी,
राजी


लातूर,
३० ऑगस्ट २०२४

राजी,

वाहवा! खलबत्त्याचं वाचून मी इतकी हसले की कणकेचं पातेलं कलंडलं. हसून झाल्यावर जरा कसंतरी झालं, पण ते जाऊ दे.

त्या लहान पोरीला कशाला उभं केलंस? तिचा हिशोब आपल्याकडं न्हाई. बाकीच्यांना सोड.

आन् एक ध्यानात घे, म्हातारीला तू कोण हे कळल्याशिवाय यात मजा न्हाई. तिला वाटंल, पोरीचं नशीबच खोटं. दिवाळीला पोरीला न्यायला येईल तेव्हा तोंडावर सांग. म्हणावं, मी अर्जुनरावाची राजकन्या. तिचं तोंड कसं झालं ते मला कळव.

तुझी,
करिश्मा


किनवट,
११ नोव्हेंबर २०२४

करिश्मे,

सांगितलं. तिचं तोंड कसं झालं ते विचारलं होतंस. कसंच झालं न्हाई! म्हणाली, "तुझा गणिताचा पेपर राहिला होता. मला वाटलं, पेपर बुडू नये." बास. माफी न्हाई, काही न्हाई. मग पोरीची पिशवी उचलली आन् म्हणाली, "माझं माझ्यावर काढ माय, पोरीवर काढू नको." माझ्यापुढं उभी राहून मला हुकूम देते!

पण खरी गोष्ट पुढंच हाय. सुट्टीहून आल्यावर पहिल्या शनिवारी दीपमालानं पत्र दिलं. 'मी मजेत आहे. मॅडम मायेनं वागवतात.' मी 'तपासले' लिहिलं, पाकीट पलटलं, तर तिकीट उलटं! कान धरून विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, "आजीनं. आजी म्हणली, तिच्या येळच्या पोरी असंच लावायच्या. तिला सगळं मालूम होतं, पण ती जाऊ द्यायची."

ऐकलंस? तिला मालूम होतं! आपण तीन वर्षं पांघरुणात तोंड खुपसून हसत होतो ना, ते ती मेहरबानी म्हणून करू देत होती. मला तर असं वाटलं की तेवढी एक गोष्ट आपली होती, तीही म्हातारीनं काढून घेतली.

मी तिकीट फाडलं. आता नियम केलाय. पोरींनी तिकिटं लावायची न्हाईत. शनिवारी साठ पाकिटं माझ्या टेबलावर येतात, साठ तिकिटं मी माझ्या हातानं लावते, एकूणएक सरळ. सुमनबाईला जे जमलं न्हाई ते मी केलं. पोरींच्या सगळ्या वाटा मला ठाव्या हायेत, कारण मी त्यातूनच गेलेय.

तुझी,
राजी


लातूर,
२० नोव्हेंबर २०२४

राजी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

म्हंजे माझा मामा आला तो तिनं ते पाकीट जाऊ दिलं म्हणून आला. मी आज पोळ्या लाटते, दोन लेकरांची माय झाले, ते त्या बाईनं एक तिकीट बघून न बघितल्यासारखं केलं म्हणून. मला हे पचंना झालंय. तिच्याबद्दल माया आली म्हणू नकोस, माया न्हाई आली. तुझ्या बापाचं तिनं जे केलं ते केलंच. पण तेवढी एक फट तिनं ठेवली होती, राजी. तू तीही लिंपून टाकलीस. उद्या त्या साठांतली एखादी तापानं फणफणली तर तिचा मामा कसा येईल?

माझ्या मेसमधी त्याच वयाची एक पोर हाय. परवा तिला घरची आठवण आली म्हणून ताटावर बसून रडून राहिली होती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं आन् मला तुझं 'ए माहूर' ऐकू आलं. मीच म्हणले होते, पाणी शेवटी, वाढप शेवटी. माझ्याच जिभेला हाड नव्हतं.

आता बास कर. पोरीला सोड. लाल पेन फेकून दे. म्हातारीला शिव्या घालायच्या तर दोघी मिळून माहूरला जाऊ आन् तिच्या तोंडावर घालू.

उत्तर लगेच दे.

करिश्मा


किनवट,
२० जानेवारी २०२५

करिश्मा,

दोन महिने तुला लिहिलं न्हाई, कारण तुझा राग आला होता. अजून हाय.

तू बास म्हणालीस. तुझं काय गेलं? तुझा मामा आला होता. तुझं पाकीट गेलं, माझं कपाटात राहिलं. तुझ्या तापाला तिला दया आली, माझ्या बापाला न्हाई आली. मग तुला दया परवडते.

आता ऐक. सोळा तारखेला माहूरहून दीपमालाच्या नावानं पत्र आलं. सुमनबाईनं स्वतः लिहिलंय, अक्षर लई हललंय. अंथरुणावर हाय. पोरीला दोन दिवस धाडा म्हणते. शेजारचा दुकानदार ग्यानोबा, त्याचा दोनदा ऑफिसात फोन आला. म्हणाला, म्हातारी काही घेत न्हाई, सारखी दाराकडं बघते. मी सांगितलं, पोरीची चाचणी चालू हाय, पेपर बुडू नये. हेच शब्द! म्हणताना माझ्या अंगावर काटा आला, करिश्मा, सुखाचा काटा.

पत्र त्याच लोखंडी कपाटात ठेवलंय, त्याच वरच्या कप्प्यात. दीपमाला बाहेर अंगण झाडतीय, तिला काही ठाव न्हाई. आज पाचवा दिवस. मी अकरा मोजणार हाय. एक कमी न्हाई आन् एक जास्त न्हाई.

वीस वर्षं मी या पत्राची वाट बघत होते असं वाटतं.

राजकन्या


लातूर,
४ फेब्रुवारी २०२५

राजकन्या,

तुझं पत्र मला पंचवीसला दुपारी मिळालं. चूल तशीच टाकून मी नांदेडची बस धरली, पहाटेच्या गाडीनं किनवटला आले. पुढचं तू बघितलंसच, पण मी ते का केलं हे तुझ्या कानावर माझ्या तोंडून गेलं पाहिजे.

झेंड्यापुढं साठ पोरी रांगेत, रामलिंगआप्पा खुर्चीत, आन् तू माईकवर शिस्तीवर बोलून राहिली होतीस. मी आधी तुझ्या कानात म्हणले, पत्र दे आन् पोरीला माझ्यासंगं धाड. तू म्हणालीस, "आज अकरावा हाय, उद्या ये." हसून म्हणालीस! मग मी माईक हातात घेतला आन् तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, सोळा तारखेपासून सुखाच्या काट्यापर्यंत. तू प्रार्थनेत पोरीचं वाचून घेतलं होतंस, तसं. तू खाली बघितलंस, आन् खोटं कशाला बोलू, मला मजा आली. वाचून संपलं तरी मला थांबावं वाटंना. पोरी गप झाल्या होत्या ना, त्या शांततेची गोडी मला तिथं कळली. तू लिहिलं होतंस तेव्हा कळली नव्हती. माझीही पत्रं मी आप्पांच्या हातात दिली. पाणी शेवटी, वाढप शेवटी, सगळं. तू एकटी बुडावंस असं मला नको होतं.

कपाट उघड म्हणले तर तू म्हणालीस, "पत्र चुलीत घातलं." आप्पांपुढं, पोरीपुढं म्हणालीस. दीपमालाच्या तोंडाकडं तू बघितलं न्हाईस, मी बघितलं.

माहूरला दुपारी पोचलो. दुकानाची फळी लावलेली. ग्यानोबा म्हणाला, चोवीसला सकाळी गेली. त्याच दिवशी त्यानं तुला फोन केला होता, तू उचलला न्हाईस. पोरगी रडली न्हाई. खलबत्ता फळीखाली पडला होता, तो उचलून तिनं फ्रॉकच्या घेरात धरला आन् मला म्हणाली, "आजीनं काय लिहिलं होतं?" मी काय सांगू तिला? तू सांग.

बाप येऊन गेला. पोरगी आता माझ्याकडं हाय, इथल्या शाळेत घातलीय. तुला आप्पांनी घरी बसवलं, ते कळलं. वाईट वाटलं न्हाई. तुझी नोकरी गेली, इज्जत गेली, आन् मला अजून कमीच वाटतं. मला परत लिहू नकोस.

करिश्मा


किनवट,
१९ फेब्रुवारी २०२५

करिश्मा,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते, कारण तुला कळलं पाहिजे.

मी मजेत आहे. भाड्याची खोली चांगली आहे. मला शांत झोप लागते. जेवण जातं. कुणाची आठवण येत नाही. तुझी तर मुळीच नाही.

मी जे केलं त्यात माझी चूक नाही. माझ्या बापाचा बदला घेतला, त्यामुळं माझा बाप मला आता स्वप्नात दिसत नाही. त्या म्हातारीचं पत्र मी चुलीत घातलं, त्याची राख झाली, त्यात काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही. दीपमालाला माझ्याकडून काही मिळायचं नाही. तिच्यापुढं यायची माझी इच्छा नाही.

तू येऊ नकोस.

राजकन्या


लातूर,
६ मार्च २०२५

राजी,

तुझं पाकीट चोवीस फेब्रुवारीला आलं. अक्षर ओळखलं आन् न फोडता पिठाच्या डब्यावर फेकलं. म्हणलं, पडू दे अकरा दिवस. मोजून पडू दे, म्हंजे तिला कळंल. रोज पीठ काढताना ते बाजूला सारायचे आन् मनाला बरं वाटायचं. बघ, मी तुझ्याहून निराळी न्हाई.

आज अकरावा दिवस. दीपमाला पीठ घ्यायला गेली आन् पाकीट हातात घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, "मावशी, हे फोडा." मी म्हणले, ते मॅडमचं हाय, ठेव तिथंच. तर म्हणाली, "तिकीट उलटं हाय. उलट्या तिकिटाचं पत्र आजी अडवत नव्हती."

मी अकरा दिवस त्या पाकिटाला हात लावून राहिले होते, पण तिकिटाकडं बघितलंच न्हाई.

तिनंच फोडलं. तिनंच वाचलं, मोठ्यानं न्हाई, मनात, ओठ हलवत. तुझ्या झोपेचं वाचलं, जेवणाचं वाचलं. मग 'राख झाली' इथं बोट ठेवलं आन् बोट तिथंच राहिलं. वर बघितलं तेव्हा पहिल्यांदा तिचे डोळे भरले. म्हणाली, "मावशी, म्हंजे आजीचं पत्र हाय."

मी तुला माफ केलेलं न्हाई, राजी. ती करंल का, हे मी तिला विचारणार न्हाई आन् तूही विचारू नकोस. तुझ्या झोपेची मला फिकीर न्हाई असं लिहिणार होते, पण या पाकिटाला मी सरळ तिकीट लावणार हाय, म्हणून लिहीत न्हाई.

रविवारी ये. पोस्टानं धाडू नकोस, स्वतः घेऊन ये. दीपमाला दारात बसंल, म्हणते. तिच्या हातात दे, आन् ती वाचून संपवंस्तोवर तिच्यापुढं उभी राहा.

करिश्मा